दाजींच्या गालावरचा वण

मारुती,

तुझ्या दहाव्याला कावळा शिवला नाही. घोड नदीच्या घाटावर पिंड मांडून आम्ही तासभर थांबलो. समोरच्या करंजाच्या झाडावर पाच-सहा कावळे बसले होते. एक खाली आला, दोन उड्या मारल्या आणि पिंडाकडे पाठ करून पाण्याशी गेला. अशा गोष्टींवर तुझा विश्वास नव्हता आणि माझाही नाही. त्या दिवशी वारा होता, माणसं फार होती, लाउडस्पीकर चालू होता. कावळा बुजला असेल. पण मी खाली मान घालून उभा होतो, ते वाऱ्यामुळे नाही.

लोक एकेक करून पुढं येत होते. सुनीलनं हात जोडून सांगितलं, "बाबा, आईला मी अंतर देणार नाही." तुझा जावई म्हणाला, घराचं राहिलेलं काम पुरं करू. हौसावहिनी लांबूनच म्हणाल्या, "या हो आता. माझी काळजी करू नगा." कावळे बसून राहिले. मग आपला बबन पुढं झाला. छातीपर्यंतची दाढी एका मुठीत धरून म्हणाला, "मारुती, तुझी पेटी म्या कुनाला हात लावू देनार न्हाई. ये गड्या." तरी नाही. बबन मागं वळला आणि सगळ्यांच्या देखत माझ्याकडं बघून म्हणाला, "शंकर, तुझं काय ऱ्हायलं आसंल तर बोल. त्याचं तुझ्यापाशीच आडकलं आसंल."

मी मान हलवली. नाही म्हटलं.

शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि विधी पुरा केला. तुझी राहिलेली गोष्ट कोणती होती, हे त्या दीडशे माणसांत एकट्या मला माहीत होतं. ती मी बोललो नाही. ती आज इथं लिहितो आहे. उशीर झाला आहे. तू असताना झालेला उशीर वेगळा होता. हा उशीर भरून निघत नाही, हे मला कळतं.

शिनोलीतल्या जुन्या माणसांना तुझ्याबद्दल एकच गोष्ट ठाऊक आहे. आमच्या अक्काच्या लग्नात तू नवरदेवाचा गाल कापलास. त्यावरून तुझं नाव 'रगत्या' पडलं. आता खरं काय झालं ते सांगतो.

त्याला अठ्ठेचाळीस वर्षं झाली. वऱ्हाड कळंबहून आलं होतं. जानवसघर म्हणून शाळेची खोली दिली होती. त्यांच्या गावचा दाढी करणारा माणूस तापानं आजारी पडला, म्हणून हळदीच्या अंघोळीआधी नवरदेवाची दाढी करायला तुला बोलावलं. मी वीस वर्षांचा होतो, तू बावीसचा. चिंचेखाली तुझं दुकान होतं. एक खुर्ची, एक आरसा, एक पेटी. मी दोन वर्षं तिथं बसून तुझ्याकडून वस्तरा शिकत होतो. आमच्या घरात ते कुणाला आवडत नव्हतं. वडील म्हणायचे, "जमीन आहे आपल्याला, ही कला कशाला पाहिजे?" पण मला तो आवाज आवडायचा. गालावरून पातं जाताना येतो तो. तू मला आधी माठाला साबण लावून शिकवलंस, मग तुझ्याच गालावर. दोन नियम सांगितलेस. कातडी ताणून धरायची. आणि पातं गालावर असताना बोलायचं नाही, ना करणाऱ्यानं ना बसणाऱ्यानं.

त्या दिवशी एक गाल झाला होता. दाजी, म्हणजे नवरदेव, रात्रभर जागून पहाटे ट्रकनं आले होते. मान मागं टाकून, डोळे मिटून ते जवळजवळ झोपलेच होते. पाणी गार झालं म्हणून तू तांब्या घेऊन बाहेर गेलास. खोलीत मी आणि दाजी दोघंच. वस्तरा पाटावर होता. मी तो का उचलला? इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की तुला मदत म्हणून. ते खोटं आहे. नवरदेवाची दाढी आपण केली असं मला मनातल्या मनात म्हणायचं होतं. एवढंच.

कातडी ताणायची विसरलो. गालाच्या हाडाखालून जबड्यापर्यंत पातं सरकलं. दाजी ओरडून उठले. रक्त पांढऱ्या फेसातून आलं, सदऱ्यावर आलं, खाली मांडलेल्या अक्षतांवर पडलं.

तू दारात होतास. तांब्या खाली ठेवलास. सांडला नाहीस, ठेवलास, हे मला आजही दिसतं. तीन पावलांत माझ्यापाशी आलास, माझ्या हातातून वस्तरा काढून घेतलास आणि कोपरानं मला खिडकीकडं ढकललंस. मग माणसं आत आली. दाजींचे चुलते पुढं होते. त्यांनी विचारलं, "कुनी केलं?"

तू म्हणालास, "माझ्याकडनं झालं. हात सुटला."

त्यांनी तुला दोन थोबाडीत मारल्या. तू वस्तरा मिटून खिशात टाकलास, मग दाजींच्या गालावर तुरटी दाबून धरलीस. तिसरी थप्पड बसली तेव्हाही तुरटी सोडली नाहीस. मी खिडकीशी उभा होतो. माझ्या बोटांना साबण लागलेला होता. तो मी विजारीला पुसला.

नवरीच्या सख्ख्या भावानं नवरदेवाचं रक्त काढलं असं कळलं असतं तर वऱ्हाड तसंच मागं फिरलं असतं. तुला ते एका क्षणात समजलं. आणखी एक गोष्ट तुला समजली होती आणि मला समजायला फार वर्षं लागली. आम्ही जमीनवाले होतो आणि तू बलुत्यावर जगणारा. तुला मारून गप्प बसता येत होतं. मला मारलं असतं तर दोन गावं उठली असती. लग्न तासाभरानं लागलं. दाढी करणाऱ्याचा मान म्हणून ताटात टोपी, उपरणं आणि नारळ काढून ठेवला होता. वडील म्हणाले, "ते आत ने." ते ताट मीच आत नेऊन ठेवलं.

त्यानंतर तुला कुणी लग्नात बोलावलं नाही. मग बाळाच्या जावळालाही बोलावलं नाही. मग साध्या दाढीलाही लोक घोडेगावला जाऊ लागले. वर्षभरात तू पेटी उचललीस आणि जुन्नरला गेलास, दुसऱ्याच्या दुकानात नोकरीला. तू गेलास त्या दिवशी मी स्टँडवर आलो होतो. तू बसच्या खिडकीतून म्हणालास, "जा घरी. लोक बघत्यात." मी लगेच गेलो.

अक्काचा संसार बसला की सांगू, असं ठरवलं होतं. मग तिला मुलं झाली. मग दाजी गावात मोठे झाले. मला धरणाच्या ऑफिसात डिंभ्याला नोकरी लागली. रोज सकाळी आठला पाण्याची पातळी बघून वहीत लिहायची. तीस वर्षांत एक आकडा मी चुकीचा लिहिला नाही. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात माझ्या खरेपणाचं कौतुक केलं, तेव्हा मला तुझा तांब्या आठवला.

निवृत्तीनंतर मला दाढीचा छंद लागला, हे तुला सगळ्यात हास्यास्पद वाटायचं. तुझं बरोबर होतं. ज्यानं वस्तऱ्यापासून आयुष्यभर लांब राहायला हवं होतं, तो माणूस साठीनंतर वस्तरे गोळा करू लागला. मोबाइलवर दाढीचा छंद असलेल्या लोकांचा एक ग्रुप सापडला. कुणी पुण्याचा, कुणी नाशिकचा. ते ब्रशांचे फोटो टाकायचे, साबणांवर वाद घालायचे. मीही पितळी रेझर घेतला, मग डुकराच्या केसांचा ब्रश, मग जुने वस्तरे. पण ते सगळं स्वतःच्या गालासाठी. दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्याला मी हात लावला नाही.

जुन्नरच्या बाजारात भंगारवाल्याकडं गंजलेला वस्तरा मिळाला, त्याला धार लावायला कुणी मिळेल का असं विचारत मी तुझ्यापर्यंत पोचलो, असं मी तुला त्या दिवशी सांगितलं. मारुती, तुझी गल्ली मला पहिल्यापासून माहीत होती. जुन्नरला आलो की मी ती टाळून जायचो. वस्तरा हे निमित्त होतं.

तू चष्मा कपाळावर ढकललास, पातं उजेडात धरलंस आणि माझ्याकडं न बघता म्हणालास, "ह्याला कुनी दगडावर घासलंय का डोक्यावर?" मी काही बोलायच्या आधीच म्हणालास, "बस, शंकर. उभा ऱ्हाऊन उजेड आडवू नको."

एवढंच. मी चाळीस वर्षं ज्या क्षणाला घाबरत होतो, तो असा गेला.

मग आपले सोमवार सुरू झाले. सोमवारी सलून बंद, म्हणून तुला सुट्टी. मी शिनोलीहून यायचो, बबन डिंभ्याहून. त्याची बस कधी यायची, कधी नाही. आली नाही तर तो दुधाच्या टेम्पोत बसून यायचा आणि आल्या आल्या ड्रायव्हरला शिव्या घालायचा. तुझ्या ओट्यावर आरसा टेकवून आपण बसायचो. मी माझे साबण काढायचो. तू वास घेऊन म्हणायचास, "चंदन? तुला काय देव्हाऱ्यात बसवायचाय व्हय?" मी ब्रश कसा भिजवायचा, फेस किती वेळ फिरवायचा हे मोबाइलवर पाहिलेलं सांगायचो आणि तू शांतपणे ऐकून घ्यायचास. मग म्हणायचास, "दोन तास दाढी केलीस. दिसतोस तसाच."

बबनच्या दाढीला तू पंचवीस वर्षं झाली म्हणायचास, तो तीस म्हणायचा. त्याच्या घरात पूर्वी मेंढरं होती. तो म्हणायचा, "दोघं मिळून माझी कातरा, एक घोंगडं निघंल." तू म्हणायचास, "घोंगडं न्हाई, पायपुसनं निघंल." तेवढा वेळ आपण तिघं वीस-बावीसचे असायचो. पोरांची लग्नं, गुडघे, रक्तातली साखर, सुना, वाटण्या, सगळं त्या फेसाबरोबर निघायचं. तुझ्याशी पुन्हा बोलायला मिळालं हे माझ्या म्हातारपणातलं सगळ्यात मोठं सुख होतं. ते मला मिळायला नको होतं, हेही मला माहीत होतं. तरी मी ते घेत राहिलो. त्याबद्दल मी तुझे आभार मानले नाहीत. आज मानतो.

एकदा बबनची बस आली नाही. टेम्पोही नाही. आपण दोघंच होतो. मी विचारलं, "मारुती, तू तेव्हा वस्तरा का घेतलास माझ्या हातातून?"

तू ब्रश धुवायला घेतलास. म्हणालास, "इचार नव्हता केला. हात पुढं गेला. मागनं लई इचार केला. पन तवर वस्तरा माझ्या हातात व्हता."

मी म्हणालो, "मी तुला घे म्हटलं नव्हतं."

हे वाक्य मी बोललो. हे मी कुणालाही कधी सांगितलं नव्हतं, इथं लिहितो. तुझा चेहरा बदलला नाही. तू ब्रश झटकलास आणि उलटा ठेवलास.

मग म्हणालास, "गावाला नको सांगू. गाव गेलं उडत. दाजीला तेवढं सांग. परवा मंचरला दिसला, नातीला घेऊन चाललेला. मला बघून गालाला हात लावला आन् तिला म्हनला, इकडनं नको, तिकडनं चल." आणि म्हणालास, "ती पोर वळून बघत व्हती माझ्याकडं. ह्यो कोन वाईट मानूस, आसं."

मी म्हणालो, "पुढच्या सोमवारच्या आत सांगतो."

त्यानंतर दोन वर्षं सोमवार येत राहिले. पहिले काही महिने तू माझ्या तोंडाकडं बघायचास. मग बघायचं सोडलंस. मी दाजींकडं गेलो नाही असं नाही. सात-आठ वेळा गेलो. चहा प्यायलो, कांद्याच्या भावावर बोललो आणि परत आलो. अक्काची तब्येत बरी नाही, हे एक कारण. दाजींच्या घरात लग्नकार्य आहे, हे दुसरं. आम्ही दोघंही म्हातारे झालो, आता कशाला, हे तिसरं. खरं कारण असं की त्या घरात मला मान आहे. गेलो की दाजी उठून उभे राहतात. ते मला सोडवत नव्हतं.

आणि मग तुझं पोटाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी सुनीलला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं. तू म्हणालास, शिनोलीला न्या. इतक्या वर्षांनी तू गावात आलास तो खाटेवर.

तुझा हात थरथरायला लागला होता. पाण्याचा पेला धरता यायचा नाही. तू हात वर करून मला दाखवलास आणि हसलास, "बघ. आता खरंच कापतोय. गाव खोटं न्हवतं बोलत, जरा लवकर बोललं."

बबन उठून बाहेर गेला. दाढी तोंडात कोंबून रडत होता.

त्याच्या पुढच्या सोमवारी मी सकाळी एकटाच आलो. चार-पाच दिवसांची खुंटं वाढली होती. सुनील मंचरच्या त्याच्या सलूनमधून वेळ काढून रोज यायचा, पण तू त्याला हात लावू दिला नव्हतास. मला म्हणालास, "तू कर."

"मी?"

"दुसरं कोन हाये हितं?"

तू पेटीतला तुझा वस्तरा काढायला सांगितलास. अंगणात ऊन होतं. वहिनींनी गरम पाणी आणून दिलं आणि त्या आत गेल्या. मी माझा साबण आणला होता, नवा होता, ग्रुपवर सगळे त्याचं कौतुक करत होते. फेस केला. तुझ्या गालांची कातडी इतकी सैल झाली होती की ताणून धरताना मला भीती वाटली. अठ्ठेचाळीस वर्षांनी मी दुसऱ्याच्या चेहऱ्यावर वस्तरा धरत होतो, आणि तो चेहरा तुझा होता. तू डोळे मिटलेस.

डावा गाल झाला. मान झाली. उजव्या गालाच्या हाडापाशी आलो, दाजींना जिथं लागलं होतं तिथंच, आणि माझ्या तोंडातून निघालं, "मारुती, दाजींना मी..."

तू एक बोट वर केलंस. पातं गालावर असताना बोलायचं नाही.

मी दाढी पुरी केली. कुठं लागलं नाही. ओल्या पंच्यानं चेहरा पुसला, वस्तरा पुसून मिटला आणि पाटावर ठेवला. त्याचा आवाज तू ऐकलास. डोळे न उघडता म्हणालास, "हं. बोल आता."

मी तेव्हा काय बोलू शकलो असतो, ते मी रोज स्वतःला ऐकवतो. उद्या जातो. आत्ता जातो. इथूनच फोन लावतो, तुझ्यासमोर. यातलं काहीही.

मी म्हणालो, "काही नाही. साबण चांगला आहे, असं म्हणत होतो."

मग म्हणालास, "व्हय. चांगलाय."

आपलं शेवटचं बोलणं ते. पुढच्या शुक्रवारी तू गेलास.

दहाव्याला प्रवचन झालं, मग श्रद्धांजलीची भाषणं झाली. तालुक्यातले एक पुढारी आले होते. त्यांनी तुझ्या कष्टाचं कौतुक केलं आणि मग जरा हसून म्हणाले, "जुन्या लोकांना माहीत आहे, एका लग्नात मारुतीरावांचा हात चुकला. पण माणूस मनानं साफ होता." चार-सहा लोक हसले. सुनील डोकं भादरून, ओला, उघडा बसला होता. त्यानं मान वर केली नाही. हे त्यानं लहानपणापासून ऐकलं होतं.

त्यांच्यानंतर माईक माझ्या हातात दिला. मी म्हणालो, "मारुती माझा मित्र होता. देव त्याच्या आत्म्याला शांती देवो." आणि माईक पुढच्याला दिला.

तेरावं होईपर्यंत मी घरात बसून होतो. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, पहिल्या बसनं मंचरला आणि तिथून कळंबला गेलो. दाजी ओसरीवर होते. नेहमीसारखे उठून उभे राहिले. मी म्हणालो, "दाजी, बसा. आणि अक्कालाही बोलवा."

अक्का लसूण सोलत होती, ताट घेऊनच बाहेर आली. मी उभ्यानं सांगितलं. सगळं. माठावरचा साबण, पाटावरचा वस्तरा, तुझा तांब्या, ताट. मला पाच मिनिटंही लागली नाहीत. इतकी वर्षं पुरून ठेवलेली गोष्ट पाच मिनिटांची होती.

दाजींनी नेहमीसारखा गालाला हात लावला. तुला माहीत नसेल, त्या लग्नानंतर ते कुठल्याही सलूनच्या खुर्चीत बसले नाहीत. घरीच करतात, आणि वणावरून ब्लेड फिरवत नाहीत. तिथं पांढऱ्या केसांची एक रेघ कायम राहते. ते म्हणाले, "म्हंजी मी चुकीच्या माणसाला..."

अक्का बोलली. ताट बाजूला सरकवून म्हणाली, "लग्नाच्या दिवशी रगात सांडलं म्हनून सासूबाईंनी मला काय काय ऐकवलं, तुला म्हाईत हाये? बैल मेला तरी मी. पाऊस गेला तरी मी. दर येळी मी त्या मारुतीला शिव्या दिल्या. तोंड भरभरून."

मी म्हणालो, "अक्का, तुझं लग्न मोडू नये म्हणून मी..."

"लग्नाचं एक दिवस चालंल. बाकीची वर्सं कशासाठी? माझ्या नावाआड लपलास तू, दादा." ती माझ्यापेक्षा मोठी. मला तिनं आयुष्यात कधी दादा म्हटलं नव्हतं. ताट उचलून ती आत गेली. चहा आला नाही.

दाजींनी खुंटीवरची टोपी घेतली. "त्याच्या पोराचं दुकान कुठंशी हाये?"

मंचरला सुनीलच्या दुकानात दोन गिऱ्हाइकं बाकावर होती. खुर्ची नुकतीच रिकामी झाली होती. दाजी सरळ जाऊन तिच्यात बसले. सुनीलनं आरशात बघितलं. त्या वणाची माहिती त्याला न सांगता होती, त्यावरूनच त्याच्या बापाचं नाव पडलं होतं. त्याचा हात ब्रशवरच थांबला.

"दाढी कर," दाजी म्हणाले. "सगळी. ह्या वणावरची पन."

सुनीलनं नवं ब्लेड मोडून अर्धं वस्तऱ्यात बसवलं. मी बाकावर न बसता त्याच्या मागं उभा राहिलो. म्हणालो, "सुनील, मला तुला एक सांगायचं आहे."

"काका, पातं चालू असताना बोलू नका."

त्यानं दाजींचा गाल ताणून धरला. वणाच्या बाजूनं आधी सरळ, मग तिरका, अगदी हळू. पाऊणशेकडं झुकलेल्या दाजींच्या गालाची कातडी तुझ्यासारखीच सैल होती. आरशात मला तिघांचे चेहरे दिसत होते. त्यानं वस्तरा पुसला, मिटला, काचेच्या फळीवर ठेवला. आणि म्हणाला, "हं. बोला आता."

तुझेच शब्द. तुझ्याच आवाजात, फक्त तरुण.

या वेळी मी बोललो, मारुती. बाकावरच्या दोन माणसांच्या देखत सुनीलला सांगितलं: शिनोलीतल्या लग्नात वस्तरा माझ्या हातात होता, तुझ्या बापाच्या नव्हता. त्यानं तो माझ्या हातातून काढून घेतला. हे त्याच्यासमोर, तो असताना सांगायची माझी हिंमत झाली नाही. बाकावरचा एक माणूस मोबाइल खाली ठेवून माझ्याकडं बघू लागला.

सुनील टॉवेलची घडी घालत राहिला. म्हणाला, "हे दुकान काढून मला पंधरा वर्षं झाली, काका. शिनोलीतून एका लग्नाला बोलावणं आलं नाही." आवाज चढला नाही. मग त्यानं माझ्या खांद्यावरून बाकाकडं बघितलं आणि म्हणाला, "या, पुढचं कोण?"

मी बाहेर आलो. दाजी दुकानाच्या पायरीवर उभे होते. गालावरून बोटं फिरवत होते, वरून खाली, खालून वर. म्हणाले, "कुठं लागलं न्हाई. हात हलका हाये पोराचा."

मी म्हणालो, "बापाचाही होता."

ते मला सोडून कळंबच्या बसकडं गेले. चल म्हणाले नाहीत.

हे सगळं मी लिहून बबनला दाखवलं. त्यानं माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, दुसऱ्यांदा मोठ्यानं. मग म्हणाला, "ह्ये शिनोलीच्या देवळात वाचून दाखव." येत्या सोमवारी वाचणार आहे. सुनीलला निरोप पाठवला आहे. तो येईल असं मला वाटत नाही. त्यानं यावं असं म्हणायचा मला हक्कही नाही.

एक शेवटचं. त्या दिवशी अंगणात तू डोळे मिटून वाट बघत होतास आणि मी साबणाचं बोललो. तू व्हय म्हणालास. तू मला सोडवलंस, पुन्हा एकदा, आणि मी सोडवून घेतलं.

साबण चांगला नव्हता, मारुती. मी दुसरंच सांगणार होतो.

तुझा,
शंकर